हॉट टबमध्ये सुगंधी तेल थेट घालू नये

लॅव्हेंडर तेलाचे आठ-दहा थेंब हॉट टबच्या, म्हणजे गरम पाण्यात निवांत बसण्याच्या मोठ्या टबच्या, पाण्यात थेट टाकावेत, अशी सूचना कुणी चांगल्या हेतूने केलेली असली, तरी मला ती धोक्याची वाटते. सुगंधी तेले पाण्यात विरघळत नाहीत. ती तरंगतात आणि अंगाला जवळजवळ शुद्ध रूपातच लागतात, त्यामुळे, विशेषतः दालचिनी किंवा लवंगेच्या तेलाने, त्वचेची आग होऊ शकते. शिवाय न्हाणीघरातल्या साध्या टबप्रमाणे हॉट टबचे पाणी दर वेळी बदलले जात नाही, तेच पाणी फिल्टरमधून फिरत राहते. म्हणून तेल फिल्टरमध्ये साचते आणि निर्जंतुकीकरणासाठी घातलेले क्लोरीन किंवा ब्रोमीन त्या तेलावरच खर्ची पडू लागते. क्लोरीन कमी पडले की गरम पाण्यात स्यूडोमोनास जिवाणू वाढतात आणि अंगावर खाजरे पुरळ उठते.

सुगंध हवाच असेल, तर हॉट टबसाठीच बनवलेली, पाण्यात विरघळणारी तेलविरहित द्रव्ये वापरावीत. मला स्वतःला मात्र टबबाहेर ठेवलेल्या कोरड्या टॉवेलवर लॅव्हेंडरचे दोन थेंब घालणे अधिक पसंत आहे, कारण सुगंध दरवळतो आणि पाणी स्वच्छ राहते. सुगंधाने मन निवते हे खरे, परंतु स्नायू सैल होण्याचे बरेचसे श्रेय ऊन पाण्याचेच असते. ते पाणी ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये; गर्भवती स्त्रियांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारूनच टबमध्ये उतरावे.