दात हलणे, सरकणे आणि 'पूरक' गोळ्या

गोदाकाठची: भाचीला तार बसवलीये. डॉक्टर म्हणाले दात मूव्ह व्हायला लागलेत, मी घरी येऊन आईला सांगितलं दात हलायला लागलेत, झालं, आईने डोक्याला हातच लावला, चौदाव्या वर्षी दात हलतायत म्हणजे काय, काढून टाका आधी ती तार! मग मूव्हमेंटला म्हणायचं तरी काय? आणि ड जीवनसत्त्व कमी निघालं म्हणून पूरक गोळ्या दिल्यात, त्याने दात लवकर सरळ होतात म्हणे, खरंय का?

द्राक्षवाला: सरकणे म्हणा ना ताई. हलणारा दात जागच्या जागी डुगडुगतो, सरकणारा जागा सोडतो.

दाढदुखी: मी दातांचाच डॉक्टर, सिडकोत बसतो. सरकणे बरोबर. तारेचा दाब पडतो तिकडचं हाड काही पेशी खातात आणि मागच्या बाजूला दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात, असं करत दात महिन्याला साधारण १ मिमी सरकतो. पण आई अगदीच चूक नाहीत हां, मुळाभोवतीचा लिगामेंट (दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू) रुंदावतो म्हणून सरकणारा दात थोडा हलतोच, घाबरायचं नाही. ड चं म्हणाल तर हाड खाणं आणि भरणं दोन्हीत त्याचा हात असतो. १९८८ च्या एका प्रयोगात मांजरांच्या दाताशेजारी त्याचं सक्रिय रूप टोचलं तर ३ आठवड्यांत दात ६० टक्के जास्त सरकले. पण ते दाताशेजारी टोचलेलं, पोटात घेतलेली गोळी नाही, आणि तेही मांजराला!

द्राक्षवाला: म्हणजे उत्तर 'पूरक' शब्दातच आलं की. कमी असेल ते पुरं करतं ते पूरक. कमी नसताना घेतली तर ती आपली नुसतीच ताकदीची गोळी.

दाढदुखी: अगदी. भाचीला कमी आहे म्हणून दिलीये, स्पीड वाढवायला नाही. मनाने डोस वाढवू नका, ड शरीरात साठतं.

पंचवटीकर: क जीवनसत्त्व कमी पडलं तर मात्र तुमच्या आईचं 'हलणे'च. कोलॅजन, म्हणजे हिरड्या आणि ते तंतू ज्याचे बनतात ते प्रथिन, नीट बनत नाही, हिरड्यांतून रक्त, दात खिळखिळे, जुन्या खलाशांना व्हायचा तो स्कर्व्ही. आणि नाशिककरांनो, द्राक्षांवर विसंबू नका, त्यात क नावालाच, पेरू खा.

द्राक्षवाला: पोटावर पाय देताय राव 😄

गोदाकाठची: आईला सांगितलं, हलत नाहीयेत, सरकतायत. म्हणाली, कुठे?