प्रति: घुबड डोळे गरगर फिरवतं का?

नाही हो, घुबडाला डोळे फिरवताच येत नाहीत. त्याचे डोळे आपल्यासारखे गोल नसून नळीसारखे लांबट असतात आणि हाडाच्या कड्यात घट्ट बसलेले, म्हणून बाजूला बघायचं तर आख्खी मानच वळवावी लागते. मानेत १४ मणके, आपल्या दुप्पट, त्यामुळे मान २७० अंशांपर्यंत वळते.

आमच्या गावी आंब्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी आहे, संध्याकाळी खाली उभं राहिलं की एक जण बाहेर येऊन पिवळ्या डोळ्यांनी रोखून बघतो आणि मग डोकं वर-खाली, डावीकडे-उजवीकडे असं हलवत बसतो. लोकांना वाटतं घाबरवतोय, पण डोळे हलत नाहीत ना, तो बिचारा अंतराचा अंदाज घेत असतो! पापणी मिटतो तीही वरची, अगदी माणसासारखी, म्हणून तो चेहरा इतका ओळखीचा वाटतो.

आणि सगळीच घुबडं रात्रीची नसतात बरं का. रानपिंगळा दिवसाही शिकार करतो, १८८४ नंतर तो कुणाला सापडलाच नव्हता, थेट १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. मेळघाटात जाणार असाल तर सकाळी सागाच्या उघड्या फांद्या नीट बघा.