अनुभव धागा : कॉमिक्सवर वाढलेल्यांनो, हल्लीचे सुपरहिरो झेपतात का तुम्हाला?

रद्दीतला वेताळ
मंडळी, हा धागा काढायचं कधीचं मनात होतं, काल रात्री घरी फँटॅस्टिक फोर बघितला आणि म्हटलं आता काढूच. तुम्ही कुठली कॉमिक्स वाचलीत, कुठून मिळवलीत, आणि गेल्या पाच-सात वर्षांतल्या पिक्चर-सिरियलींपैकी कशाने ती मजा परत दिली, कशाने डोकं फिरवलं, सगळं लिहा. शिव्या चालतील, मोजक्या.

माझ्यापासून सुरुवात. आम्ही गिरगावात चाळीत, खाली एका काकांची लायब्ररी, इंद्रजाल कॉमिक्स पंचवीस पैसे रोज. तेवढेही रोज मिळायचे नाहीत म्हणून बाबा माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून जुने अंक आणायचे, कधी कव्हर नाही तर कधी शेवटची पानं नाहीत. मग धाकट्या भावाला शेवट मी बनवून सांगायचो. वेताळ (इंग्रजीतला फँटम), जादूगार मँड्रेक, बहादूर, कोणीही आला तरी तीसेक पानांत बहुतेक वेळा गोष्ट सुरू होऊन संपायची, आधीचा अंक वाचला नसेल तर काही अडायचं नाही. दुसऱ्या पानावर एका चौकटीत सांगून टाकायचे, हा एकविसावा वेताळ, चारशे वर्षांची घराण्याची शपथ, लोक समजतात हा मरतच नाही. बास! झालं, चला डेंकालीच्या जंगलात.

आता २०२२ चा डॉक्टर स्ट्रेंज घ्या. बायकोला घेऊन गेलो. त्यातल्या वांडा नावाच्या जादूगारणीला तिची पोरं हवीयत म्हणून ती जग उलटंपालटं करते, आणि बायको मला विचारते हिची पोरं आली कुठून? आता ती आली वांडाव्हिजनमधून, म्हणजे एका वर्षापूर्वीच्या सिरियलीतून, जी मोबाईलवर मी एकट्याने बघितलेली. मी कुजबुजत सगळं सांगतोय तर पुढच्या रांगेतला पोरगा वळून म्हणाला, काका, घरी जाऊन सांगा ना. त्याचं बरोबरच होतं म्हणा. पण माझं म्हणणं हेच आहे की तिकीट काढून येणाऱ्या माणसाला अभ्यास करून यायला लावू नका. फँटॅस्टिक फोर म्हणून आवडला. वेगळी पृथ्वी, साठच्या दशकासारखी, आणि यांना शक्ती कशा मिळाल्या ते सुरुवातीलाच एका टीव्हीच्या कार्यक्रमात उरकून टाकलंय. म्हणजे दुसऱ्या पानावरची चौकटच की ती!

बोरिवली स्लो
मस्त धागा दादा. माझा अनुभव भाच्याबरोबरचा. २००४ मध्ये गॉथम कॉमिक्सने स्पायडरमॅन इंडिया काढलेलं आठवतंय का कुणाला, चारच अंक, मी कॉलेजातून येताना स्टेशनवरच्या स्टॉलवर घेतलेले. पवित्र प्रभाकर, गावाकडून शिकायला मुंबईत आलेला पोरगा, माया मावशी आणि भीमकाका, अंगावर स्पायडरमॅनचाच ड्रेस पण खाली धोतर. मित्रांनी इतकं चिडवलं त्या धोतरावरून की मी अंक बॅगेत खाली लपवून न्यायचो.

आणि मग २०२३ च्या जूनमध्ये तोच पवित्र मोठ्या पडद्यावर! अ‍ॅक्रॉस द स्पायडरव्हर्स आपल्याकडे दहा भाषांत लागला, त्यात मराठीही. मराठी शो सापडता सापडेना, शेवटी एक सकाळचा मिळाला, भाच्याला झोपेतून उठवून नेलं. मुंबई आणि मॅनहॅटन मिळून मुंबॅटन, एकावर एक रचलेल्या इमारती, त्यातून रिक्षा, बस आणि होर्डिंगं, आणि पोरगं म्हणतंय मामा हे तर आपल्या स्टेशनबाहेरच्यासारखं. खरंच होतं तसं, फक्त फेरीवाले जरा कमी दाखवलेत. थिएटरात आम्ही धरून पंधराएक जण असू, पण त्या पंधरा जणांनी जो दंगा केला!

मग शेवट. ऐन रंगात आल्यावर 'पुढील भागात'. भाचा माझ्याकडे बघून म्हणाला, मामा, इंटरव्हल झाला का परत? तेव्हा तो सहावीत होता. पुढचा भाग २०२७ ला आहे, म्हणजे तेव्हा हा दहावीत, आणि ताईने आधीच सांगितलंय की दहावीच्या वर्षात पिक्चर बिक्चर काही नाही.

काठीवाले आजोबा
मी या धाग्यावर वयाने सगळ्यात मोठा असेन, सांभाळून घ्या. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो आणि १९९० ला बंद पडलं तेव्हा माझी मुलगी शाळेत होती, आम्ही दोघांनी तेच अंक वाचले. वेताळ ली फॉकने १९३६ ला आणला, सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. अंगाला घट्ट पोशाख, तोंडावर मुखवटा, हे त्याचं आधीचं, हे नातवाला सांगतो तर तो गुगल करून बघतो. आजोबावर विश्वास नाही.

मला नवीन पिक्चरांत आवाज फार वाटतो. इमारती पडतात, आकाशात निळा खांब उभा राहतो, आणि कोणासाठी चाललंय ते लक्षात राहत नाही. माझा आवडता बहादूर, चंबळच्या बाजूचा, त्याला कसलीच शक्ती नव्हती. गावकऱ्यांना जमवून नागरिक सुरक्षा दल काढलं होतं त्याने, नासुद म्हणायचे. तो ज्यांनी लिहिला ते आबिद सुरती, मुंबईचेच, त्यांनी म्हातारपणी काय केलं माहितीये का? २००७ पासून मीरा रोडला दर रविवारी प्लंबर बरोबर घेऊन लोकांच्या घरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. यावर कोणी सिरियल काढा, मी पहिल्या दिवशी बघेन.

क्रिप्टोची आत्या
मी २०२५ चा सुपरमॅन फक्त त्याच्या क्रिप्टो कुत्र्यासाठी बघितला. पैसे वसूल. आपल्या सेन्सॉरने चुंबनाची ३३ सेकंदं कापली, कुत्र्याचं एक सेकंदही कापलं नाही, आभारी आहे.

भावाची चोरून वाचणारी
आमच्याकडे कॉमिक्स 'मुलांची' म्हणून भावाला मिळायची आणि मला किशोरचा अंक. किशोर छानच असायचा, तक्रार नाही, पण मला मँड्रेक हवा होता. दुपारी भाऊ क्रिकेटला गेला की त्याच्या गादीखालून काढायचे. म्हणून २०२२ ला मिस मार्व्हल सिरियल आली तेव्हा मी जरा जास्तच हरखून बघितली. कमला खान, भिंतीवर सुपरहिरोंची पोस्टरं, आई म्हणते पुरे आता. आणि वडील कोण, तर मोहन कपूर! अरे सापशिडीवाले! झी टीव्हीवरचे! मी घरात एकटीच ओरडले.

कॉमिकवाली म्हणून एक राग आहेच. मूळ कॉमिकात तिचं शरीर ताणतं, मूठ ही एवढी मोठी होते, वेडीवाकडी दिसते, आणि तीच गंमत होती कारण चौदा-पंधराव्या वर्षी आपल्याला आपले हातपाय तसेच वाटतात. सिरियलीत ते काढून जांभळ्या उजेडाचे स्फटिक दिले. सुंदर दिसतात पण कोणालाही चालले असते.

फाळणीचा भाग लागला तेव्हा शेजारच्या सिंधी काकू आल्या होत्या वाटी परत द्यायला. त्या उल्हासनगरला कॅम्पात वाढलेल्या. कराची नाव ऐकलं तशा दारातून आत येऊन बसल्या आणि शेवटपर्यंत बघितलं, रेल्वे स्टेशनवरची ती गर्दी, हातातून सुटलेलं लहान मूल. मग म्हणाल्या, आई सांगायची ते कराची हे नाही. त्यांना मी सांगितलं नाही की शूटिंग थायलंडला झालंय. त्यानंतर पाच-सहा दिवस विचारत होत्या, ती पोरगी पुढे काय करते गं?

डोगाचा माणूस, भांडुप
वेताळदादा, राग मानू नका पण तुमचं 'तीस पानांत गोष्ट संपायची' हे अर्धंच खरं. आम्ही हिंदीतल्या राज कॉमिक्सवाले. नागराज, ध्रुव, डोगा. तिथे एक गोष्ट दोन दोन तीन तीन अंकांत पसरायची आणि पुढचा अंक स्टॉलवर कधी येईल याचा भरवसा नसायचा, आम्ही रोज शाळा सुटली की विचारायला जायचो, स्टॉलवाला लांबूनच मान हलवायचा. तो वैताग म्हणजेच मजा होती. तेव्हा 'पुढील अंकात' मार्व्हलने आणलं असं नाही.

डोगा तर मुंबईचाच! कचऱ्यात सापडलेला पोरगा, मोठा होऊन दिवसा अदरकचाचांच्या लायन जिममध्ये आणि रात्री कुत्र्याचा मुखवटा. हिंदीचे पेपर मी त्याच्या जिवावर पास झालो, फक्त निबंधात 'धांय' लिहायचो नाही एवढंच.

म्हणून मला आवडतं ते जमिनीवरचं. २०२२ चा बॅटमॅन, तीन तासाला चार मिनिटं कमी पण कंटाळा नाही, सतत पाऊस आणि पुराचं पाणी, आपल्याला काय नवीन. त्याच्यापुढची पेंग्विन सिरियल तर कळसच, आठ भागांत बॅटमॅन कुठेच लढत नाही आणि आठवणही येत नाही त्याची.

आणि एक जुनं दुखणं. १९९१ च्या कॉमिकात मार्व्हलचा खलनायक थानोस अर्धं विश्व का मारतो, तर तो मृत्यूच्या प्रेमात पडलेला असतो, मृत्यू म्हणजे बाईच तिथे, आणि ती त्याच्याकडे बघत पण नाही! काय भन्नाट वेडेपणा. पिक्चरवाल्यांनी त्याला रेशनिंग ऑफिसर केला. धान्य कमी, माणसं जास्त, निम्मी कमी करा.

रद्दीतला वेताळ
@डोगाचा माणूस, रेशनिंग ऑफिसर 😂 मान्य. 'पुढील अंकात'बद्दलही मान्य, पण तुमच्या अंकात निदान या भागाची मारामारी तरी व्हायची. इथे टायटल संपेपर्यंत बसून राहायचं आणि मग कोणीतरी येऊन अर्धं वाक्य बोलून जातो, आणि तो कोण हे शेजारच्याला विचारायचं.

सहाचा शो
मी लिहू की नको करत होतो. एप्रिल २०१९, अ‍ॅव्हेंजर्स एंडगेम, सकाळी सहाचा शो, पहिली लोकल पकडून गेलेलो. फोर्टच्या फुटपाथवर पुस्तकवाले भरपूर बसायचे तेव्हा मला थॉरचा ३९० नंबरचा अंक मिळाला होता, १९८८ चा, कॅप्टन अमेरिका त्यात थॉरचा हातोडा उचलतो, जो फक्त लायक माणसालाच उचलता येतो. वर्गात कोणाला सांगावं तर कोणाला थॉरच माहीत नाही. तो अंक वीसेक वर्षं एकट्याचाच होता माझ्या.

आणि त्या सकाळी हातोडा जमिनीवरून हलला, कॅप्टनच्या हातात गेला, आणि अख्खं थिएटर उभं राहिलं, शिट्ट्या, कोणीतरी टोपी फेकली, मागे एक बाई रडत होत्या. म्हटलं आता हे सगळ्यांना माहिती झालं. आनंद झाला आणि जरासं काहीतरी गेल्यासारखंही वाटलं, नीट सांगता येत नाही. तिथून थेट ऑफिसला गेलो, दिवसभर काही काम केलं नाही.

त्यानंतरचं बघतो सगळं, पण उठून उभा राहिलो नाही कधी. आता डिसेंबर २०२६ ला अ‍ॅव्हेंजर्स डूम्सडे येतोय आणि आयर्नमॅनवालाच डाउनी डॉक्टर डूम. कॉमिकातला डूम म्हणजे लॅटव्हेरियाचा राजा, मुखवट्याआड धगधगणारा माणूस, त्याला ओळखीचा चेहरा कशाला? तरी तिकीट काढणार. सहाचा शो असेल तर कोण कोण येतंय?

बोरिवली स्लो
मी. भाचा नाही, ताईला सांगू नका.

काठीवाले आजोबा
वेताळराव, तुमच्या त्या शेवट नसलेल्या अंकांची नावं द्या. माझ्याकडे एक पत्र्याची पेटी आहे, मुलीने फेकायला काढली होती, मी फेकू दिली नाही. शोधून शेवट सांगतो.

रद्दीतला वेताळ
आजोबा, नावं कशी देऊ, कव्हरच नव्हती! एकात पाणबुडी होती आणि वेताळ पाण्याखाली अडकलेला. मी भावाला सांगितलं होतं की डेव्हिल पोहत येऊन दोर चावतो. लांडगा पाणबुडीपर्यंत कसा पोहेल हे त्याने तेव्हा विचारलं नाही, परवा विचारलं.