जुन्या डर्ट बाईकचा क्लच सुटत नाही, आयडलिंगही टिकत नाही

प्रश्न (खानापूर): माझी जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाईक पावसाळाभर उभी होती. आता क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला तरी ती पुढे ओढते आणि चोक बंद करताच इंजिन बंद पडते. जांबोटीकडचा चढ मात्र पूर्ण थ्रॉटलवर सहज चढते. दोन्ही दोषांचे मूळ एकच असेल का?

उत्तर (बेळगाव): नाही. मोठ्या थ्रॉटलवर गाडी नीट चालते, म्हणजे कार्बोरेटरमधला मेन जेट (मोठ्या थ्रॉटलला पेट्रोल देणारे छिद्र) मोकळा असून बहुधा पायलट जेट (थ्रॉटल सोडल्यावर, म्हणजे आयडलिंगला, पेट्रोल देणारे बारीक छिद्र) तुंबला आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते आणि फ्लोट बाऊलमध्ये (कार्बोरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीत) साचून राहिले की त्याचा चिकट थर बारीक छिद्रात बसतो. जेट काढून कार्ब क्लीनर व हवेच्या दाबाने साफ करावा. तार मुळीच घालू नये (काही मिस्त्रींना तो मोह आवरत नाही), कारण पितळेचे छिद्र मोठे झाले की पेट्रोल-हवेचे मिश्रण बिघडते.

उत्तर (निपाणी): क्लचचे म्हणाल, तर लिव्हरला 2-3 मिलिमीटर मोकळीक ठेवून गिअरबॉक्सचे जुने ऑइल आधी बदलावे, कारण उभ्या गाडीत क्लचच्या प्लेट एकमेकींना चिकटतात. तरीही ओढल्यास स्टील प्लेट सपाट काचेवर ठेवून वाक तपासावा आणि बास्केटच्या (प्लेट ज्यात बसतात त्या क्लचच्या डब्याच्या) बोटांवरून नख फिरवावे. खाचेत नख अडकले, तर प्लेटही तिथेच अडकतात.