पृथ्वी-प्रणाली विज्ञानाची पीएचडी: आधी एक विषय पक्का, की पहिल्यापासून सगळे एकत्र?

खाजणकाठ

पृथ्वी-प्रणाली विज्ञानात, म्हणजे हवा, समुद्र, बर्फ, खडक आणि सजीव यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या शाखेत, पीएचडी करू पाहणारी मुलं पहिल्यांदा विचारतात, "गाइड कोण मिळेल?" माझ्या मते हा प्रश्न शेवटी यायला हवा आणि पीएचडीची रचनाही तशीच हवी. आधी वर्षभर सगळ्यांनी एकत्र शिकायचं, मग संशोधनाचा प्रश्न ठरवायचा, मग गाइड. तेही दोन, वेगवेगळ्या विभागांतले आणि बरोबरीच्या अधिकाराचे.

ही शाखा जन्मालाच अनेक विषय एकत्र घेऊन आली आहे. १९८३ मध्ये नासाच्या सल्लागार परिषदेने फ्रान्सिस ब्रेथर्टन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या १९८६ च्या अहवालातली आकृती आजही वर्गात दाखवतात: एकीकडे हवा, समुद्र, बर्फ यांची भौतिक यंत्रणा, दुसरीकडे कार्बन-नायट्रोजनची जैव-रासायनिक चक्रं, आणि दोन्हींत जाणारे-येणारे बाण. खरं विज्ञान त्या बाणांमध्ये आहे. आपले विभाग मात्र चौकोनांप्रमाणे पाडलेले.

काही ठिकाणी रचना बदलली. स्टॅनफर्डच्या पर्यावरण व संसाधनांच्या आंतरविद्याशाखीय पीएचडीत दोन विभागांतले दोन मुख्य मार्गदर्शक असतात. मुंबईच्या आयआयटीने २०१२ च्या सुमारास हवामान अभ्यासाचा आंतरविद्याशाखीय कार्यक्रम सुरू केला, त्यात स्थापत्यापासून मानव्यविद्येपर्यंतचे प्राध्यापक आले. पुण्यात आयआयटीएम या मान्सून आणि हवामानावर संशोधन करणाऱ्या संस्थेत भूविज्ञान मंत्रालयाच्या संस्थांसाठी निवडलेली मुलं आधी एकत्र कोर्सवर्क करतात. मला हीच दिशा बरोबर वाटते.

विद्यापीठांत मात्र गाडं अडतं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क आहे. आंतरविद्याशाखीय विषयासाठी बाहेरचा सह-मार्गदर्शक नेमता येतो, पण "गरज असल्यास". म्हणजे दुसरा विषय पाहुणा म्हणून येणार, आणि पाहुण्याचं मत घरात चालत नाही.

गोव्याचं उदाहरण घ्या. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्याजवळ खोलचं, कमी ऑक्सिजनचं पाणी वर येतं. त्यात जीवाणू नायट्रेट वापरू लागतात आणि नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू तयार होतो. दोनापावलाच्या एनआयओ या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हे 'नेचर'मध्ये मांडलं. कांदोळीसमोरच्या समुद्रात १९९७ पासून ठरावीक जागी नमुने घेतले जात आहेत. वारा, प्रवाह, रसायन, जीवाणू, शेतातून वाहून येणारं खत: या प्रश्नाला कुठल्या एका विभागात बसवणार?

कोरडवाहू

ताई, उदाहरण उत्तम आहे, निष्कर्ष पटला नाही. प्रश्न अनेक विषयांचा असतो म्हणून माणूसही अनेक विषयांचा असावा, हे त्यातून निघत नाही. असे प्रश्न माणसं एकत्र येऊन सोडवतात, आणि प्रत्येकाकडे आणण्यासारखं काहीतरी पक्कं असावं लागतं.

इतिहास बघा. फ्रिज आणि स्प्रेमध्ये वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे ओझोन नष्ट होऊ शकतो हे १९७४ मध्ये दाखवणारे रोलंड आणि मोलिना दोघेही रसायनशास्त्रज्ञ. वातावरण आणि महासागर जोडणारं पहिलं संगणकी मॉडेल १९६९ चं, मनाबे आणि ब्रायन यांचं. एक वातावरणाचा माणूस, एक समुद्राचा. आणि गिल्बर्ट वॉकर तर केंब्रिजचे गणिती, १९०४ मध्ये आपल्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. मान्सूनचा अंदाज शोधता शोधता सदर्न ऑसिलेशनपर्यंत, म्हणजे प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाच्या झोक्यापर्यंत, पोचले ते संख्याशास्त्राच्या जोरावर.

आता तुमची १२ क्रेडिट्स चार विषयांत वाटा. प्रत्येकाला तीन, म्हणजे सुमारे ४५ तास. भूशास्त्रात एमएस्सी झालेल्या मुलीला ४५ तासांत द्रवगतिकी येते का? तिला फक्त शब्द येतील. पुढे मॉडेल चालवेल, आणि आकडे चुकीचे आले तर ते चुकीचे आहेत हेच तिला कळणार नाही. मला याची खरीखुरी धास्ती वाटते.

खाजणकाठ

रोलंड यांचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. जेम्स लव्हलॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हवेत मोजलेल्या क्लोरोफ्लुरोकार्बनबद्दल त्यांना कळलं ते १९७२ मध्ये, फ्लोरिडातल्या एका कार्यशाळेत. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने ती भरवली होती ती रसायनवाले आणि हवामानवाले एकमेकांशी बोलावेत म्हणूनच! ती भेट झाली नसती तर? मी म्हणते ती रचना म्हणजे अशी भेट नशिबावर न सोडणं. रोलंड आणि मोलिना यांना १९९५ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यातले तिसरे, पॉल क्रुट्झन, मुळात पूल बांधणारे स्थापत्य अभियंता. स्टॉकहोमच्या हवामान विभागात प्रोग्रॅमर म्हणून लागले आणि तिथेच पुढचं सगळं शिकले.

४५ तासांचा मुद्दा मात्र खरा आहे. म्हणून सगळ्यांना सारखेच चार विषय नकोत. भूशास्त्रातून आलेल्या मुलीला गणित आणि द्रवगतिकी, भौतिकीतून आलेल्याला रसायन आणि परिसंस्था. ज्याच्याकडे जे कमी, ते त्याने घ्यायचं.

कोयनाकाठ

आमच्याकडचं सांगतो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात १९६२ मध्ये पाणी साठू लागलं तेव्हापासून भूकंप सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ तीव्रतेचा होता, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. अजूनही धक्के जलाशयाची पातळी चढते-उतरते त्याच्याशी जुळतात. म्हणजे पाऊस, धरणातून सोडायचं पाणी, बेसाल्टखालच्या ग्रॅनाइटच्या भेगांत मुरणारं पाणी आणि खडकातला ताण, असं सगळं एकात एक. कराडच्या प्रयोगशाळेने तीन किलोमीटर खोल विवर घेतलं ते यासाठीच.

पण मला गाइडपेक्षा परीक्षकांची काळजी जास्त आहे. प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. दोघेही भूकंपशास्त्राचे निघाले तर जलविज्ञानाची प्रकरणं कोणी तपासली? व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्यावर एकही प्रश्न येत नाही, आणि मुलाला वाटतं की आपलं तेही काम पक्कं आहे. कोरडवाहूंना जी धास्ती आहे तिचं मूळ मला इथे दिसतं. वेगवेगळ्या विषयांचे परीक्षक सक्तीचे करा, मुलं पहिल्या वर्षापासून दोन्हीकडे नीट अभ्यास करतील.

टेकडीवाट

मी महाविद्यालयात शिकवते. तुम्ही सगळे विज्ञानाचं बोलताय, मी पोटापाण्याचं बोलते. सहायक प्राध्यापकाची जाहिरात भूगोलाची, भूशास्त्राची किंवा भौतिकीची निघते. सीएसआयआरच्या नेट या पात्रता परीक्षेत पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा एकत्र पेपर आहे, पण नेमणूक विभागात होते आणि पदव्युत्तर पदवी "संबंधित विषयाची" लागते. माझ्या ओळखीतल्या एका हुशार मुलीचा अर्ज छाननीतच बाजूला पडला. प्रबंध उत्तम, पण समितीला तो "आपल्या विषयाचा" वाटला नाही. मंत्रालयाच्या संस्था मोजक्या, तिथल्या जागाही मोजक्या. भरतीचे निकष बदलेपर्यंत मी तरी माझ्या विद्यार्थ्यांना सांगेन: नोंदणी एका विषयात करा, काम हवं तेवढं पसरू द्या.

ओलांडा

त्या ब्रेथर्टन आकृतीत माणसांच्या सगळ्या व्यवहारांना मिळून एकच चौकोन होता. इथल्या चर्चेतही खत आणि धरण आलं, पण खत का वाढलं, धरणाचं पाणी कधी सोडायचं हे कोण ठरवतं, ते आलं नाही. दुसरा गाइड अर्थशास्त्राचा किंवा समाजशास्त्राचा असू शकतो का? की "आंतरविद्याशाखीय" म्हणजे विज्ञान शाखेच्या आतल्या आतच?

कोरडवाहू

कोयनाकाठ, परीक्षकांचं पटलं, शंभर टक्के. ताईंचं "ज्याच्याकडे जे कमी ते" हेही ठीक.

दोन बरोबरीच्या गाइडना मात्र माझा विरोध कायम आहे. फेलोशिप पाच वर्षांची, कनिष्ठ (जेआरएफ) दोन आणि वरिष्ठ (एसआरएफ) तीन. त्यातलं एक वर्ष एकत्र अभ्यासात गेलं. पुढे एक गाइड म्हणतो आणखी एका मोसमाचे नमुने घे, दुसरा म्हणतो मॉडेल संपव. दोघांचा अधिकार सारखा असेल तर निर्णय कोण घेणार? विद्यार्थी मध्ये सापडतो आणि त्याची वर्षं जातात. जबाबदारी एकाच माणसाची हवी, तीही लेखी.

खाजणकाठ

टेकडीवाट, त्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. तुमचा सल्ला आजच्या घडीला मी चुकीचा म्हणणार नाही. पण सगळ्यांनी तोच पाळला तर निकष बदला म्हणायला माणसंच उरणार नाहीत.

ओलांडा, हो, असू शकतो. माझ्या मते असायलाच हवा, निदान खत आणि धरणासारख्या प्रश्नांत.

कोरडवाहू, वाद होतील हे मान्य. पण आरएसी, म्हणजे संशोधन सल्लागार समिती, आहे ना! विद्यार्थी दर सत्रात तिच्यापुढे उभा राहतो. नमुने की मॉडेल, हा निर्णय दोन्ही गाइडच्या उपस्थितीत तिथे व्हावा, इतिवृत्तात नोंदवला जावा, आणि पुढच्या सत्रापर्यंत तो कोणालाही बदलता येऊ नये. त्यासाठी समितीत दोन्ही विषयांची माणसं लागतील. विद्यापीठ हे स्वतःच्या अध्यादेशात आजही घालू शकतं. इथे कोणी अभ्यासमंडळावर किंवा विद्यापरिषदेवर असेल तर सांगा, मसुदा मी लिहून देते.