लेकराचा खोकला: तुम्ही काय पाहिलंत, काय केलंत?

पावसाळा सरला की आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळची निम्मी रांग खोकणाऱ्या लेकरांची असते. आई सांगते, "रात्रभर खोकतोय, छाती वाजतेय." मी आवाजापेक्षा श्वास बघतो. मूल आईच्या मांडीवर शांत, झबलं वर, समोर घड्याळ आणि पूर्ण एक मिनिट. १ ते ५ वर्षांच्या मुलाचे मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धाप, न्यूमोनियाची शक्यता; २ महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचे ५०. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो का, तेही तेव्हाच दिसतं.

पूर्वी मी पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचो. एकदा दीड वर्षाच्या पोराचे असे ३६ आले. आई म्हणाली, "पण डॉक्टर, याचं पोट बघा ना कसं उडतंय." पुन्हा मिनिटभर मोजले, ४६ भरले. लहान मुलं एका लयीत श्वास घेत नाहीत. त्या दिवसापासून गुणाकार बंद. तुमचे अनुभव लिहा. कुणाची नावं नकोत.

आशा कार्यकर्ती, गडचिरोली जिल्हा
माझी सासू सुईण होती. आमच्याकडे धापेला लहक म्हणतात, न्यूमोनियाला डब्बा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या आरोग्य संस्थेनं सुईणींना श्वास मोजायला शिकवलं तेव्हा तिला चाळीसपर्यंत आकडे येत नव्हते. त्यांनी एक साधन दिलं होतं: मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर औषध. आता माझ्याकडे मोबाइल आहे. श्वास जास्त भरले तर अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन केंद्रात पाठवते. पण लेकरू पाणीही पीत नसेल, पिलेलं सगळं ओकत असेल, झटके आले किंवा हाका मारूनही उठत नसेल, तर आधी गाडी बोलावते.

दोन वर्षांच्या मुलीची आई, नागपूर
माझं माहेर पांढुर्ण्याकडचं. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये बातमी आली, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनानं मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. कितीतरी लेकरं इथे नागपुरात आणली होती. त्या आठवड्यात मी घरातल्या बाटल्या काढल्या. तीन निघाल्या, दोन मीच दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहून देऊ नयेत आणि पाचखाली ती सहसा देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयानं तेव्हाच कळवलं. आता नाकात सलाइनचे थेंब, कोमट पाणी, झोपताना अर्धा चमचा मध (वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही). खोकला तितकेच दिवस राहतो. पण माझी भीती गेली.

वडील, सोलापूर
मुलगा एकवीस महिन्यांचा. तोंडात शेंगदाणे घेऊन पळत होता, एकदम ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, मग ठीक. ते आम्ही विसरलो. बारा दिवस खोकला, दोन डॉक्टर, दोनदा अँटिबायोटिक. तिसऱ्यांनी विचारलं, "पहिला खोकला आला तेव्हा हा नेमकं काय करत होता?" बायकोला तो ठसका आठवला. त्यांनी दोन्ही बाजूंना बराच वेळ स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे हवा कमी जात होती. ब्राँकोस्कोपीत (श्वासनलिकेत दुर्बीण घालून) शेंगदाण्याची अर्धी पाकळी निघाली. एक्स-रे नॉर्मल आला होता, कारण शेंगदाणा त्यात दिसत नाही. ताप-सर्दी नसताना अचानक सुरू झालेला खोकला असेल तर त्या क्षणाची गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगा, कृपा करून.

आई, रेडिंग, इंग्लंड
इथल्या जीपीनं (फॅमिली डॉक्टरनं) लेकाला खेळताना बघितलं, पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली आणि औषध न देता घरी पाठवलं. मी रडकुंडीला आले होते. पण खोकला तीन आठवडेही राहू शकतो, आणि कधी परत यायचं, हे त्यांनी नीट सांगितलं: नेहमीच्या निम्मंही पीत नसेल, लंगोट कोरडे राहिले, बरगड्या आत ओढल्या गेल्या, ओठ निळसर दिसले. तिसऱ्या रात्री बरगड्या आत ओढल्या जाताना दिसल्या. १११ या आरोग्य हेल्पलाइनला फोन केला. एक रात्र ऑक्सिजनवर होता. काय बघायचं ते माहीत नसतं तर मी सकाळपर्यंत थांबले असते.

आजी, नाशिक
घरात ओव्याची धुरी द्यायची आमची पद्धत. धुरानं खोकला वाढतो असं सुनेनं सांगितलं, मी बंद केली. डॉक्टर, नातू दिवसा एका जागी बसत नाही. झोपेत श्वास मोजले तर चालतात का?

धागाकर्ता (डॉक्टर)
चालतात, आजी. ताप असेल तर तो उतरल्यावर पुन्हा एकदा मोजा.

आजी, नाशिक
काल रात्री मोजले. ३२ भरले. दिवा मालवला आणि मीही झोपले.