म्हाडा कोकण मंडळ, कलाकार प्रवर्ग, वय 63: कागदपत्रं आणि पैसे कसे जुळवायचे?

मानसी_कळवा:
सासरे 63 वर्षांचे, 30 वर्षं व्यावसायिक नाटकांचं नेपथ्य लावतात. कळव्यात भाड्याने राहतात. सासू-सासऱ्यांचं मिळून वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आसपास, सगळं रोख, आयटीआर नाही. पुढच्या सोडतीत कलाकार प्रवर्गातून अर्ज भरायचा आहे. पडद्यामागच्या माणसाला कलाकार धरतात का? आणि या वयात कर्ज मिळेल का?

रंगपट_नौपाडा:
मानसीताई, कलाकार कोण हे म्हाडा ठरवत नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालयाचं प्रमाणपत्र लागतं. सोडतीची जाहिरात आल्यावर त्याच्या मागे लागलात तर मुदत निघून जाईल, म्हणून अर्ज आत्ताच करा.

पडद्यामागच्या लोकांचा पुरावा तोकडा पडतो, कारण जाहिरातीत नाव नटांचं येतं. प्रयोगांची हस्तपत्रकं, श्रेयनामावलीची पानं, निर्मात्यांची लेटरहेडवरची पत्रं (कोणतं नाटक, कोणतं काम, कोणत्या साली, असं स्पष्ट लिहिलेलं), मानधनाची व्हाउचरं, सगळं सालवार लावा. राज्य नाट्य स्पर्धेचं प्रमाणपत्र असेल तर सगळ्यात वर ठेवा. ती स्पर्धा हेच संचालनालय घेतं.

नावाकडे नीट बघा. हस्तपत्रकावर 'बाळा', 'अण्णा' असं काही आणि आधार-पॅनवर वेगळंच, यावर अर्ज अडतो. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

बाकी दोघांचं आधार-पॅन, बारकोड असलेलं अधिवास प्रमाणपत्र (जुनं हस्तलिखित चालत नाही) आणि आयटीआर नसल्यामुळे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. मुंबई महानगर प्रदेशात अत्यल्प गटाची (सगळ्यात कमी उत्पन्नाचा गट) मर्यादा वर्षाला 6 लाख आहे, त्यात पती-पत्नीचं उत्पन्न धरतात, मुलाचं नाही. म्हणजे तुम्ही सहज बसता.

सानपाडाकर:
आता आकडा. कलाकारांना 2 टक्के, म्हणजे 50 घरांमागे एक. ठाणे शहरातल्या 20 टक्के योजनेत (खासगी बिल्डरांच्या प्रकल्पातली म्हाडाच्या सोडतीत येणारी घरं) एका संकेत क्रमांकाखाली (सोडतीतल्या प्रत्येक योजनेचा नंबर) दहा-पंधराच घरं असली, तर कलाकारांच्या रकान्यात शून्य असू शकतं. माहितीपुस्तिकेतला तक्ता उघडून त्या रकान्यात आकडा असलेले संकेत क्रमांक आधी काढा, मग ठिकाण बघा. मोठ्या योजना शिरढोण, खोणी अशा कल्याण तालुक्यातल्या आहेत. गडकरी रंगायतनचा रात्रीचा प्रयोग संपवून, सेट उतरवून तिथे कसं पोहोचायचं, हे सासऱ्यांना आत्ताच विचारा.

खरी अडचण पैशांची आहे. समजा घर 20 लाखांचं. सोडतीत नाव लागून तात्पुरतं देकारपत्र (म्हाडाचं घर देऊ केल्याचं पत्र) आल्यावर सर्वसाधारणपणे 25 टक्के 45 दिवसांत आणि उरलेले पुढच्या 60 दिवसांत भरायचे असतात (तुमच्या पत्रात असेल तीच मुदत धरा). बँका बहुतेक वेळा सत्तरीपर्यंत फेड संपवायला सांगतात, म्हणजे तुमच्या हातात सात वर्षं. साडेआठ टक्क्यांनी 10 लाखांचा हप्ता 20 वर्षांना सुमारे 8,700 बसतो, सात वर्षांना सुमारे 15,800. महिना 25 हजारांच्या कमाईवर बँक हप्त्याला 10 ते साडेबारा हजार धरेल, म्हणजे सात वर्षांसाठी कर्ज सुमारे सव्वासहा ते आठ लाख. रोख कमाई कागदावर नसेल तर त्याहूनही कमी. तेव्हा मानधन यापुढे खात्यातच घ्या आणि यंदापासून आयटीआर भरा, उत्पन्न करपात्र नसलं तरी. मुलाला सहकर्जदार घ्यायचं असेल तर घर त्याच्या नावावर नसतानाही चालेल का, हे बँकेला अर्जाआधीच विचारा.

मुद्रांक शुल्क विसरू नका. ठाणे पालिका हद्दीत 7 टक्के, म्हणजे 20 लाखांवर 1 लाख 40 हजार, वर नोंदणीचा 1 टक्का.

मानसी_कळवा:
खूप उपयोगी. त्यांनी वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठीही अर्ज केलाय. त्याची अडचण येईल का?

रंगपट_नौपाडा:
येईल. राजर्षी शाहू महाराज मानधन योजनेत महिना 5,000 मिळतात, पण वार्षिक उत्पन्न 60 हजारांच्या आत लागतं. तिथे 60 हजारांच्या आतला दाखला आणि म्हाडाला तीन लाखांचा, असे दोन दाखले एकाच माणसाचे निघाले तर दोन्हीकडे चौकशी होते. खरं उत्पन्न तीन लाख असेल तर मानधनाचा अर्ज मागे घ्या.

आणि गावच्या घराचं बघा. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरांसाठी देशात कुठेही पक्कं घर नावावर नसावं लागतं. वडिलोपार्जित घराला सासऱ्यांचं नाव वारस म्हणून लागलंय का, हे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी उताऱ्यावर तपासा, मगच त्या संकेत क्रमांकाला हात घाला.